बोगद्यातले दिवे

लान नदीकाठच्या जुन्या रेल्वेमार्गावर आता सायकलींसाठी डांबरी वाट आहे. वाटेतला बोगदा हिवाळाभर वटवाघळांसाठी बंद ठेवतात. आज तो बंद होण्याआधीची शेवटची दुपार होती. किल्ली सांभाळणारे फोल्करकाका तोंडाशी उभेच होते. शाळेत गणित शिकवायला मी गावात आले त्याला वर्ष झालं, पण माझ्याशी बोलणारे ते एकटेच.

"पलीकडचं दार लावून आलोय, मेरेट. एक फेरी मार आणि परत ये. रेंगाळलीस तर मार्चपर्यंत वटवाघळांच्या पोरांना गणित शिकवत बसशील!"

"तुमच्या नातवापेक्षा लवकर शिकतील," मी म्हणाले.

बोगद्यातले दिवे हालचाल जाणवली तरच लागतात आणि माणूस पुढे गेला की विझतात. बंद दारापाशी मी सायकल वळवली. निम्म्या वाटेवर मागून घंटी वाजली. वळून पाहिलं, तर मागचे विझलेले दिवे एकेक करून पुन्हा लागत येत होते.

इथल्या सवयीने मी उजवीकडे सरले, हात वर केला. "या, पुढे व्हा."

कोणी दिसलं नाही. दिवे मात्र मला ओलांडून पुढे लागत गेले, आणि माझ्या डोक्यावरचा विझला.

मी जोरात सायकल मारली. दिवा लागला नाही. थांबून दोन्ही हात हलवले. काळोख तसाच राहिला.

दूर तोंडाशी काका म्हणाले, "आलीस एकदाची! आत आणखी कोणी आहे का गं?"

मी ओरडायला तोंड उघडलं. माझा आवाज बाहेरून आला.

"नाही काका. मी एकटीच होते."

कुलपात किल्ली फिरली.