पलीकडचा खडक

१९६८ सालचा पौष महिना. पदभ्रमण मंडळाने सहलीला पहिल्यांदाच तीन बायका घेतल्या, त्याही एका अटीवर. एक जरी मागे राहिली, तरी पुढच्या वर्षी बायका बंद.

त्या तिघींपैकी वत्सलाबाई नऊवारीत आलेल्या पाहून मंडळाचे प्रमुख देवस्थळी म्हणाले, "वहिनी, हळदीकुंकवाला निघालात का?"

त्या हसल्या आणि चालू लागल्या.

नदीकाठच्या रानातली वाट दुपारी पाण्यापाशी संपली. आता नदी ओलांडायची होती. पाणी मांडीभर, दातखीळ बसेल इतकं गार. पुरुषमंडळी बुटांच्या नाड्या सोडत, "आधी तुम्ही" म्हणत काठावरच रेंगाळली.

वत्सलाबाईंनी काष्टा वर खोचला, दोन्ही मैत्रिणींचे हात धरले आणि धारेला तिरप्या चालत पलीकडचा खडक गाठला. तिथून हाक दिली, "भावोजी, मागे राहू नका. नाहीतर पुढच्या वर्षी पुरुष बंद करावे लागतील."

देवस्थळी खळखळून हसले. अट तिथेच संपली.

पुढे देवस्थळींनी नाशिकला नवं मंडळ काढलं, पहिली सभासद त्यांची बायको. मैत्रिणींपैकी एक हिमालयात जाऊन आली, दुसरीने गुडघेदुखीपुढे हात टेकले. वत्सलाबाई जुन्या मंडळाच्या प्रमुख झाल्या आणि सत्तरीपर्यंत प्रत्येक नदीत सगळ्यांच्या आधी उतरल्या.