आरतीनंतरचा शिरा

"ही माझ्या खाण्यात काहीतरी घालते," ओजस म्हणाला आणि त्याने आईकडे बोट दाखवलं.

सरोजिनीने पर्स मांडीवर ओढून घेतली. पंचविशीचा पोरगा परवापासून अन्नाला शिवला नव्हता. म्हणून तर ती आणि तिचे यजमान रमाकांत त्याला धरून लहरीपुऱ्यातल्या या दवाखान्यात घेऊन आले होते. भिंतीतून कुणीतरी बोलतं, असं तो म्हणायला लागला तेव्हा स्किझोफ्रेनियाचं निदान याच डॉक्टरीणबाईंनी केलं होतं.

"आवाज कमी झाले होते ना? मग हा नवा संशय कुठून आला?" त्यांनी विचारलं. "सरोजिनीबेन, गोळी घेतो ना हा?"

"रोज घेतो," रमाकांत परस्पर बोलून मोकळे झाले.

"तरी वाढतंय, म्हणजे डोस वाढवावा लागेल. जेवत नसेल तर दाखलच करू."

ओजस खुर्चीत आक्रसला. सरोजिनीने मांडीवरची पर्स घट्ट धरली. गोळ्या तिच्यातच होत्या. गोळी दिसली की तो ताट भिरकावायचा. पण संध्याकाळच्या आरतीनंतरचा शिरा नाकारायची त्यांच्या घरात रीत नव्हती. कितीही बिथरला तरी तेवढा तो हातावर घ्यायचा. त्या शिऱ्यातच ती गोळी कुटून घालत होती. देव समजून घेईल, म्हणत होती. परवा शिरा कडवट लागला आणि त्याने घरातलं सगळंच सोडलं.

आता खरं सांगितलं, तर पोर आपल्या हातचं पाणीही घेणार नाही. नाही सांगितलं, तर त्याचा खरेपणाच आजार ठरणार.

टेबलाखाली रमाकांतांनी तिचा पाय दाबला. तिने पाय काढून घेतला.

"डॉक्टर, तो खरं बोलतोय. मी शिऱ्यातून गोळी देते."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. ओजस आईकडे बघतच राहिला.

"म्हणजे मला भास होत नव्हता?"

"नाही रे राजा. शिऱ्यातलं खरं होतं."

"आणि भिंतीतले आवाज?"

तिला रडू कोसळलं. तरी ती बोलली. "ते नाहीत रे खरे. आम्हाला कुणालाच ऐकू येत नाहीत."

तो खुर्चीच्या कडेला सरकला. आता हा उठून पळणार, म्हणून रमाकांत दार अडवायला अर्धे उठलेसुद्धा. ओजसने उजवा तळवा पुढे केला आणि त्याखाली डावा हात धरला, रोज आरतीनंतर धरायचा तसाच.

"शिऱ्यात नको, आई. नुसती दे."