भाऊजींची परीक्षा

या रानात घुबड उरलेलं नाही, असं छातीठोकपणे सांगणाऱ्या दिराने गेल्या पक्षीगणनेत हौशी मंडळींची परीक्षा घ्यायला झाडावर लाकडी घुबड बसवलं. वहिनींनी ते खरं समजून नोंदवलं, आणि वर्षभर घरीदारी त्यांचं हसं झालं.

यंदाही त्याने ते बसवलं. यंदाही वहिनींनी त्याच फांदीवर घुबड नोंदवलं, वर फोटोही पाठवला. दिराने तो भर सभेत पडद्यावर लावला.

"आमच्या वहिनी पुन्हा फसल्या बघा. अशांच्या नोंदींवर पक्ष्यांचा आकडा काढायचा म्हणजे झालंच कल्याण."

वहिनींनी सगळ्यांना पोटभर हसू दिलं. मग पिशवीतून लाकडी घुबड काढून टेबलावर ठेवलं.



"हे मी गणनेच्या आदल्या दिवशीच उतरवलं, भाऊजी. पडद्यावरचं जिवंत आहे."