नम्रतेचा बिल्ला

मिशनच्या शाळेत या महिन्याचं मूल्य होतं नम्रता. गणवेशावर लावायचा तिचा बिल्ला चौथीतल्या सार्थकला मिळाला आणि दुसऱ्याच दिवशी तुंगार्लीच्या चौकात फ्लेक्स झळकला. त्यावर गॉगल लावून हात जोडलेला त्याचा बाप कैलासशेठ, पुरुषभर उंच. कोपऱ्यात चिमुकला सार्थक, गणवेशावर सोन्याची चेन. खाली शुभेच्छुकांच्या फोटोंची रांग. वर ठळक अक्षरांत, ‘नम्रतेत तालुक्यात प्रथम’.

वर्गशिक्षिका प्रेरणाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने मोबाइलवर फोटो काढला आणि थेट मुख्याध्यापिका सिस्टर फिलोमिनांसमोर धरला. “बघा सिस्टर, आपण शिकवलेली नम्रता.”

सिस्टरनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, खालपर्यंत सरकवला, पुन्हा वर नेला. त्यांचा चेहरा पडला.

“सगळे ट्रस्टी आहेत की यात,” त्या म्हणाल्या. “माझाच फोटो कुठे दिसत नाही.”