चतुःसीमा

महापालिकेचा निरीक्षक वाळवणातून चालत आला. कौशल्याबाईंनी जुन्या धोतरावर सांडगे घातले होते, चारी कोपऱ्यांना दगड ठेवून. त्याचा बूट बरोबर मधोमध पडला आणि त्याने खाली पाहिलंसुद्धा नाही.

"डोळे हापिसात ठेवून आलात का, साहेब?"

"माफ करा हं, आजी," तो म्हणाला. पाय मात्र तिथेच. नजर हातातल्या नकाशावर.

दुसरा कोणी असता तर बाईंनी त्याच्या सात पिढ्या अंगणात उभ्या केल्या असत्या. पण या माणसाची त्या सहा महिने वाट बघत होत्या. शेजारी पाच मजले उठले, कंप्युटरवाल्या पोरांनी फ्लॅट घेतले, तेव्हा बाई गप्प बसल्या. मग खालच्या पार्किंगला भिंती घालून तिथे कुठल्याशा कंपनीचं ऑफिस थाटलं. त्याचा जनरेटर लागला की बाईंच्या मांडणीवरची भांडी थरथरायची. वर सहावा मजला चढला आणि अंगणातलं सकाळचं ऊनही गेलं. तेव्हा मात्र त्यांनी नातीला समोर बसवून महापालिकेला अर्ज लिहून घेतला. एक नाही, तीन. धायरीच्या त्या गल्लीत बिल्डरविरुद्ध ब्र काढणारं दुसरं कोणी नव्हतं.

निरीक्षकाने काम मात्र चोख केलं. टेप धरला, मजले मोजले, ऑफिसच्या पाटीवरचं नाव लिहून घेतलं.

"मजले सहा. मंजूर पाच. पार्किंगच्या जागी कार्यालय," तो लिहिता लिहिता म्हणाला.

"लिवा, नीट लिवा," बाई म्हणाल्या. "आमाला वाटलं होतं, तुमच्या हापिसात मोजायला कुणाला येतच न्हाई."

पंचनाम्याला दोन पंच लागतात. एक म्हणून इमारतीचा वॉचमन हिंदुराव आला. कागदाकडे न बघता त्याने सही केली आणि मागे न बघता तो गेला. दुसऱ्या पंच बाई. तिसरीपर्यंत शिकलेल्या बाईंना अंगठ्याचा भारी राग. वाचून घ्या, असं निरीक्षक म्हणालाही. त्या म्हणाल्या, "चष्मा आत हाय," आणि पेन ओढून घेऊन सावकाश, एकेक अक्षर ठाशीव काढत त्यांनी नाव घातलं. कौशल्या बद्रीनाथ खरात. सही बघून त्यांना बरं वाटलं.

चहा घेऊन सून पूर्णिमा आली. तिने कार्बनखालची प्रत उचलली आणि वाचू लागली. वाचता वाचता ती मोठ्याने वाचायला लागली.

"इमारतीच्या चतुःसीमा. पूर्वेस रस्ता. उत्तरेस गल्ली. दक्षिणेस ओढा. पश्चिमेस..." ती थांबली.

"म्होरं?"

"पश्चिमेस मोकळी जागा, उद्यानासाठी राखीव. बांधकाम नाही. वस्ती नाही. पंचांसमक्ष प्रत्यक्ष पाहून खात्री केली." पूर्णिमाने कागद खाली घेतला. "आत्याबाई, याच्यावर सही केलीत?"

वारा पडला होता. वरच्या सगळ्या काचा बंद होत्या.

"पश्चिमेला आमी हाय," बाई म्हणाल्या.

निरीक्षकाने पश्चिमेकडे पाहिलं. त्याची नजर पूर्णिमावरून, ओसरीवरून, उघड्या दारातून आत गेली आणि कुठेही न अडता पार पलीकडे निघाली.

"नकाशावर बाग आहे, आजी."

"नकाशा गेला खड्ड्यात. तुमी आत्ता कुठं उभे हायसा?"

"पश्चिमेला," तो शांतपणे म्हणाला.

बाई आत जाऊन घरपट्टीची पावती घेऊन आल्या. नवऱ्याच्या नावाची, महापालिकेच्याच शिक्क्याची. त्याने ती अदबीने घेतली आणि उलटी करून मागच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. "कर घेतला म्हणजे घर आहे असं होत नाही. इथे छापलेलं असतं."

"मग त्यो कागद फाडा. माझी तक्रार मी मागं घेते. बांधू दे त्यांना धा मजले."

"आता कसा फाडू? दोन पंचांनी पाहिलंय." त्याने सहीकडे बोट दाखवलं. त्याच्या आवाजात मुळीच उर्मटपणा नव्हता. "तुम्हीच पाहिलंय."

चहा तसाच होता. त्यावर साय धरली.

"एक राहिलं," तो म्हणाला. सहीखाली एक रिकामी ओळ होती. "पंचाचा पत्ता. काय लिहू?"

तो खरोखरच अडला होता. पेन कागदावर टेकवून तो बाईंच्या तोंडाकडे बघत राहिला. आणि जिच्या जिभेला सगळी गल्ली टरकून असायची, तिला घर नंबर आठवेना. पूर्णिमालाही आठवेना.

वर, चौथ्या मजल्यावर, एक काच सरकली. पाहुण्यांना फ्लॅट दाखवत एक तरुण बाई बाल्कनीत आली.

"हा आमचा व्ह्यू. इथे सगळी गार्डन होणारे. बिल्डरने प्लॅन दाखवलाय ना. तिकडे कारंजं, इकडे झोके."

"छान. आणि खाली त्या आजी कोण?" पाहुणीने विचारलं.

तरुण बाईने कठड्यावरून वाकून पाहिलं. कौशल्याबाईंनी मान वर केली. नजरेला नजर भिडली.

"कुठे?" ती म्हणाली.