नववा कोपरा

लाकडी ठोकळ्यांचे कोपरे घासून बोथट करायचे, हे माझं काम. लहान मुलांच्या हातात जाणारी वस्तू ती, बोचता कामा नये. ठोकळ्याला कोपरे आठ. एकेक घासताना मी देवाचं एकेक नाव घेते, म्हणजे मोजावं लागत नाही आणि जपही होतो.

त्या दुपारी खांदे अगदी भरून आले होते. समोर सून पिशव्या भरत होती. दाराशी नात, आमची ठकी, दोन ठोकळे एकमेकांवर आपटत बसली होती. टक. टक.

आठवं नाव घेऊन मी ठोकळा खाली ठेवायला गेले, तर अंगठ्याला टोक बोचलं.

"सूनबाई, हा बघ गं. एक कोपरा राहिलाय."

तिने फिरवून पाहिला. "वर चार, खाली चार. सगळे गुळगुळीत आहेत, आई. दमलात तुम्ही. देवालाही जरा विसावा द्या."

मी हसले. ठोकळा परत हातात घेतला, तर पुन्हा बोचलं. असा कसा पोराच्या हाती द्यायचा? किती घासलं तरी ते टोक जाईना. माझी नावं तर संपली होती. थकलेल्या जिभेवर जे आलं, ते म्हटलं.

"ठकी."

टोक लगेच गुळगुळीत झालं. हायसं वाटलं. मग लक्षात आलं, टकटक थांबली आहे. दाराशी दोन ठोकळे नुसतेच पडले होते.

"सूनबाई, पोर कुठे गेली गं?"

तिने पिशवीला गाठ मारली आणि शिणलेल्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"कोणाची पोर, आई?"