सांगलीच्या पोरीचा बॉल

सॉफ्टबॉलच्या मॅचमध्ये सांगलीच्या पिचरचा, म्हणजे बॉल टाकणाऱ्या पोरीचा, बॉल इतक्या वेगानं यायचा, की कोरेगावच्या पोरींची बॅट फिरेपर्यंत तो मागं कॅचरच्या हातात गेलेला असायचा. रविवारी पुन्हा तिच्याशीच मॅच होती. म्हणून त्यांच्या कोच क्रांती मॅडम रोज शाळा सुटल्यावर स्वतः जोरात बॉल टाकायच्या आणि सांगायच्या, "बॉल हातातनं सुटायची वाट बघू नका. तिचा हात फिरायला लागला की पाय उचला."

शुक्रवारी पोरींनी जवळजवळ सगळे बॉल टोलवले. दुखरा खांदा दाबत मॅडम म्हणाल्या, "जमलं गं तुमाला. जावा आता घरी."

बाकीच्या निघाल्या. राजनंदिनी मात्र बॅट घेऊन तिथंच उभी राहिली.

"मॅडम, रागावणार न्हाई ना तुमी?"

"बोल."

"आमाला काय जमलं न्हाई. तुमचाच बॉल हळू यायला लागलाय."

मॅडमनी खांदा फिरवून बघितला. खांद्यात खरंच जोर उरला नव्हता. मग त्यांनी बॉल उचलला, पिचिंगची जागा सोडली आणि राजनंदिनीच्या बऱ्याच जवळ येऊन उभ्या राहिल्या.

"बोलव सगळ्यांना परत. इथनं टाकला, की माझा हळू बॉलपण त्या सांगलीच्या पोरीएवढाच लवकर येतोय."